हसणाऱ्यांनाच न कळलेला श्लेष

‘मनभर ज्वारी दिली,’ असे खेड्यातला माणूस म्हणतो, तेव्हा शहाणी मंडळी ‘न’ आणि ‘ण’ कळत नाही म्हणून हसतात. पण त्या एका शब्दात चाळीस शेरांचा मण आहे आणि देणाऱ्याचे मनही आहे. मराठवाडा-विदर्भातल्या अनेक बोलींत ‘ण’चा ‘न’ होतो. तिथे सण आणि सन, मण आणि मन एकाच ध्वनीत येतात. प्रमाण उच्चारात वाढलेल्या कानाला हा श्लेष वर्षानुवर्षे कळत नाही. उलट उदाहरण ‘जग’चे. दुनिया म्हणजे जग आणि ‘तू जग!’ यातला जग, लिहायला दोन्ही सारखे. बोलताना मात्र ‘ज’ वेगळा. कागदावर साधलेला श्लेष तोंडात निसटतो. थोडक्यात, प्रत्येक उच्चाराची आपली कोटी असते.

पालीत ‘श’ नाही, ‘ष’ नाही, एकच ‘स’ आहे; तरी पालीला कोणी अडाणी म्हणत नाही. मग ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला भर वर्गात हसण्याचा अधिकार कोणी दिला? शिक्षकांनी प्रमाण लेखन जरूर शिकवावे. परंतु पोराच्या जिभेला लाजवू नये. लाजलेले पोर पुन्हा हात वर करीत नाही.