पंधरा दिवसांची उसंत

आमच्या चाळीत दरमहा मीटरचे रीडिंग घ्यायला एक पोरगा येई. जिन्याखालच्या अंधारात बॅटरी मारी, मोबाइलमध्ये आकड्याचा फोटो काढी, घोटभर पाणी पिऊन जाई. नोकरी कंत्राटी, पैसे रीडिंगमागे. एकदा त्यानेच शेजारच्या आजींना सांगितले, “आजी, दिवे बंद असूनही तुमचा मीटर चालतोय. वायरमनला दाखवा.” यंदा भिंतीवर स्मार्ट मीटर आला. तो आपले आकडे बिनतारी यंत्रणेने परस्पर कंपनीला कळवतो. पोरगा यायचा थांबला.

यंत्र दिसले की दगड उचलणारा मास्तर मी नव्हे. घरबसल्या रीडिंग ठोकून देणारेही होतेच, आणि ‘सरासरी’च्या बिलाने कोण पोळलेले नाही? आकडा दुरून वाचा, माझी ना नाही. परंतु या मीटरच्या पोटात दुरून वीज तोडण्याचीही सोय आहे. माझे भांडण तिच्याशी आहे.

२०२१ साली केंद्र सरकारने देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचा संकल्प सोडला. आधी पैसे, मग दिवा! लोक खवळले, तेव्हा जून २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने सामान्य ग्राहकाला प्रीपेड मीटर बसवणार नाही असे जाहीर केले. पण स्मार्ट मीटर आलेच. बिल तेवढे मागाहून. हा ‘मागाहून’चा ‘आधी’ही दुरूनच करता येतो, हे वाचकांनी विसरू नये.

मीटर फुकट, म्हणे! केंद्राचे मूळ अनुदान मीटरमागे ९०० रुपयांपर्यंत. बाकीची रक्कम ठेकेदार घालतो, कंपनी त्याला हप्त्यांनी फेडते. आणि कंपनीची मिळकत म्हणजे तुमचे-आमचे बिल.

२००३ च्या वीज कायद्याचे ५६ वे कलम सांगते की, थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे. पंधरा दिवसांत पगार होतो, उसनवारी होते, कचेरीत जाऊन भांडता येते. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की नोटीस कसली आणि उसंत कसली! पूर्वी वीज तोडायला निदान माणूस येई. त्याला दोन शब्द सांगता येत.

तेव्हा मागणे दोनच. नोटीस हातात पडून पंधरा दिवस झाल्यावाचून दुरून कोणाचीही वीज तोडू नये. आणि रीडिंग घेणाऱ्या पोरांना कंपनीनेच मीटर तपासायला, तक्रारी ऐकायला नेमावे. आजींच्या घरची वायर पुन्हा बिघडेल, तेव्हा त्यांना सांगायला जिन्यापाशी कोणी तरी यायला हवे.