‘नेट गेलें’ म्हणजे नक्की काय गेलें?

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट घेणारीं घरें आतां कमी होत चाललीं आहेत. पुष्कळ गांवीं तिची जागा काचतंतूनें घेतली आहे. तथापि जेथें ती तार अजून टिकून आहे, तेथें ‘नेट गेलें’ ही आरोळी दिवसांतून चारदां उठते. आणि घरांतील एखाद्या हौशी मुलानें जुन्या संगणकाचा राउटर स्वतःच्या हातांनीं केलेला असला, तर सारें खापर त्याच्याच माथीं फुटतें. ह्या विषयावर चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम व्यवस्था सांगतों. बाजारी डबींत मोडेम व राउटर एकत्र नांदतात. घरगुती मांडणींत ते विभक्त असतात. मोडेम केवळ दुभाष्याचें काम करितो. तारेवरील लहरींचा अर्थ लावून तो पलीकडे देतो, इतकेंच. नांव व परवलीचा शब्द सांगून कंपनीच्या यंत्राशीं संभाषण सुरू करणें व तें चालू ठेवणें, हें काम दोन नेटवर्क-कार्डें व लिनक्स घातलेला तो जुना संगणक करितो. ह्या संभाषणाच्या रीतीस पीपीपीओई म्हणतात. तिचा मसुदा सन १९९९ मध्यें प्रसिद्ध झाला. म्हणजे ‘जोडणी’ ह्या एका शब्दाच्या पोटांत तीन गोष्टी आहेत : तारेवर जुळलेला मोडेमचा मेळ, त्यावर चालणारें संभाषण, आणि राउटरापासून खोल्याखोल्यांत जाणारी वाट. तिहींपैकीं कोणतीही तुटली तरी स्वयंपाकघरांतून पाहणाऱ्यास नेट गेलें तें गेलेंच.

सन २०२० च्या पावसाळ्यांत आमच्या घरीं हाच प्रसंग होता. शाळा बंद, धडे पडद्यावर. एक नात दहावींत, आणि धाकट्या सूनबाईंची नोकरीही घरूनच. चार बिऱ्हाडांस नेट सारखें वांटलें जावें म्हणून पुतण्यानें आदल्याच वर्षीं राउटर तयार केला होता. एके दिवशीं नातीची तोंडी परीक्षा मध्येंच तुटली व तिचे गुण गेले. पोर रडूं लागली. वहिनींनीं तत्काळ निकाल दिला, “हें खोकें माळ्यावर टाक आणि बाजारांतून धड राउटर घेऊन ये.” मुलगा उलट बोलला नाहीं. एवढेंच म्हणाला, “आई, नेट गेलें तेव्हां मोडेमवरचा डीएसएलचा दिवा कसा होता?” वहिनी निरुत्तर झाल्या.

प्रश्न लहान, पण सर्व मर्म त्यांत आहे. तो दिवा लुकलुकत असेल तर तारेचाच मेळ सुटला. मग राउटर काशीस पाठविला तरी उपयोग नाहीं. दिवा स्थिर असून नेट नसेल, तर मात्र संभाषणाकडे व खोक्याकडे पाहावें. आम्हीं मोडेमशेजारीं एक वही व पेन्सिल बांधून ठेविली. नेट गेलें कीं वेळ, दिव्याची स्थिति, पाऊस, आणि त्या क्षणीं घरांत काय चालू होतें, हें लिहावयाचें. पहिले दोन दिवस सर्वांनीं थट्टा केली.

आठवड्याची वही वाचतां दिसलें कीं, बहुतेक नोंदींत दिवा लुकलुकत होता व नुकतीच टेलिफोनची घंटा वाजली होती. आतां हा काकतालीय न्यायही असूं शकेल. कावळा बसावयास व फांदी तुटावयास गांठ पडते. म्हणून माडीवरचा जोड-टेलिफोन दोन दिवस काढून ठेविला. घंटा वाजल्या, दिवा ढळला नाहीं. पुन्हां जोडला, पहिल्याच घंटेस दिवा लुकलुकला. अन्वय झाला, व्यतिरेकही झाला. मनुष्याचा आवाज तारेवर सेकंदास सुमारें ४,००० कंपनांच्या आंत मावतो. डीएसएलचा व्यवहार सुमारें २६,००० पासून ११ लक्ष कंपनांपर्यंत, व नव्या एडीएसएल-२-प्लस प्रकारांत २२ लक्षांपर्यंत चालतो. दोघांनीं एकाच तारेंत सोवळें सांभाळून राहावें म्हणून स्प्लिटर असतो. माडीची तार कोणा कारागिरानें स्प्लिटरच्या अलीकडूनच फोडून नेली होती. घंटेसाठीं एक्स्चेंज तारेंत सुमारें ७५ व्होल्ट दाबाचा प्रवाह सोडतें, तेव्हां त्या उघड्या यंत्रानें मेळ बिघडत असे. ती तार स्प्लिटरच्या ‘फोन’ बाजूस जोडली. खर्च शून्य.

तरी चार नोंदी उरल्या. त्यांत दिवा स्थिर होता, आणि चारही वेळां सूनबाई कचेरीस मोठीं कागदपत्रें पाठवीत होत्या. येथें खोक्याचा रोजनामा उपयोगी पडला. बाजारी डबीचा रोजनामा बहुधा त्रोटक असतो. ह्यांत स्पष्ट लिहिलें होतें कीं, तीन हांकांस उत्तर आलें नाहीं म्हणून संभाषण बंद केलें. राउटर दर वीस सेकंदांनीं पलीकडे ‘आहां ना?’ असें विचारीत असे. पाठवणीच्या गर्दींत ती हांकही रांगेंत अडके, आणि राउटर समजे कीं पलीकडे कोणी नाहीं. तेव्हां ह्या चार नोंदींपुरतें वहिनींचें म्हणणें खरें होतें. पुतण्यानें पाठवणीचा वेग तारेच्या शक्तीहून किंचित् कमी बांधून दिला, हांकांची मर्यादा तीनाची पांच केली, आणि पलीकडून कांहीं येत असेल तोंवर विचारूंच नये अशी जी सोय पीपीपीडी ह्या कार्यक्रमांत आहे तीही लाविली.

बटण बंद करून पुन्हां चालू करण्याची जी संवय सर्वत्र आहे, ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. त्यानें पुरावा पुसला जातो. शिवाय अवचित वीज तोडल्यास कंपनीचें यंत्र जुनें संभाषण चालूच आहे असें कांहीं मिनिटें समजतें, व नव्या जोडणीस नकार देऊं शकतें. मग घाबरून आपण आणखी दोनदां बटण दाबतों.

पावसाळ्यांत दोष बहुधा बाहेरचा असतो. मोडेमच्या पानावर ‘नॉइज मार्जिन’ म्हणून आकडा असतो. तो निदान ६ डेसिबेल असावा. पाऊस पडतांच तो दोनतीनांवर उतरत असेल व टेलिफोनवर खरखर ऐकूं येत असेल, तर खांबावरचा जोड ओला किंवा गंजलेला समजावा. लाइनमनला ‘नेट जातें’ असें मोघम न सांगतां हा आकडा व ती खरखर सांगावी. तो लौकर शिडी लावतो. केवळ रात्रींच आकडा पडत असेल, तर मध्यम लहरींच्या रेडिओचाही संशय घ्यावा : ५३१ ते १,६०२ किलोहर्ट्झचा तो पट्टा डीएसएलच्याच वाटेवर आहे, व दिवेलागणीनंतर दूरचीं केंद्रेंही जोरानें येतात. मिक्सर फिरतांच पडत असेल, तर मोडेम स्वयंपाकघराच्या भिंतीपासून हलवावा.

एक प्रकार तुटण्यासारखा दिसतो, पण तुटणें नव्हे : लहान पानें उघडतात, मोठीं अर्ध्यावर अडकतात. पीपीपीओई आपल्या वेष्टणासाठीं ८ बाइट घेतें, त्यामुळें १,५०० च्या गठ्ठ्यांत १,४९२ च उरतात. हा हिशेब राउटरास सांगितला नसेल, तर मोठे गठ्ठे वाटेंत नाहींसे होतात. त्यास एमएसएस १,४५२ वर बांधून दिला कीं पानें पूर्ण उघडतात. लाइनमनास बोलवावें लागत नाहीं.