‘डेटा ट्रान्सफर पूर्ण’ म्हणजे नेमके काय पूर्ण?

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. तेव्हापासून माण-हिंजवडीपासून तळवडे, भोसरी, चाकणपर्यंत मशीन बदलण्याचा सपाटा चालू आहे. सातव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत जवळपास नाहीतच, त्यामुळे धडधाकट चालणारी मशीनसुद्धा बाहेर पडत आहेत. पैसे भरून वाढीव सुरक्षा अपडेट घेणाऱ्यांनी हा खर्च पुढे ढकलला, इतकेच. आपल्या धंद्याला काम भरपूर आहे. तरीही या महिन्यात वाचकांची जी पत्रे आली, त्यांत अडकलेल्या बिलांचीच रड आहे आणि कारण बहुतेकांचे एकच: नव्या मशीनवर ब्राउझरची प्रोफाइल पूर्ण आली नाही, म्हणून युजरने सही दिली नाही.

माणमधल्या तिसऱ्या टप्प्यातील एका कंपनीची वर्क ऑर्डर एका वाचकाने पाठवली आहे. कामाच्या तपशिलात लिहिले आहे, ‘युजर डेटा ट्रान्सफर, 100 टक्के’. खाली डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पीएसटी फाइल. ब्राउझरचा शब्दही नाही. मग अटी येतात. यूएसबी पोर्ट उघडून मिळणार नाहीत. ब्राउझरचे सिंक पॉलिसीने बंद राहील. सेव्ह केलेले पासवर्ड एक्स्पोर्ट करायचे नाहीत. मशीन भाडेकराराची असल्याने जुन्याची डिस्क त्याच दिवशी वाइप करून संध्याकाळच्या आत गेट पासवर बाहेर काढायची. आणि बिल मंजूर होणार ते युजरच्या ‘सर्व काही पूर्वीप्रमाणे’ या शेऱ्यानंतर!

यातली एकेक अट वेगळी काढून पाहिली तर तिला कारण आहे. सिंक बंद ठेवणारा सुरक्षा विभाग चुकीचे काही करत नाही. लीजची तारीख पाळणाऱ्या ॲडमिनलाही दोष देता येत नाही. पण या अटी लिहिणारे तीन विभाग कधी एका टेबलाला बसले नाहीत आणि त्यांचा एकत्रित अर्थ लावण्याचे काम आपल्या पोरांवर आले. विचारायला जावे तर हेल्पडेस्क म्हणतो पॉलिसीत बसत नाही, ॲडमिन म्हणतो तारीख हलणार नाही, परचेस म्हणतो स्कोपमध्ये आहे, करा. पासवर्ड न्यायचे सगळे रस्ते बंद करून पासवर्ड पोहोचल्याची सही मागणे हा अन्याय आहे आणि तो आम्ही स्पष्ट शब्दांत सांगणार आहोत.

परचेसवाल्यांचा समज असा, की ‘यूझर डेटा’ फोल्डर कॉपी केले की झाले. तो समज आपल्यातल्याही अनेकांचा आहे. फायरफॉक्सच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. ब्राउझर बंद करून पूर्ण प्रोफाइल फोल्डर उचलले की ‘की4.डीबी’ आणि ‘लॉगिन्स.जेसन’ सोबतच येतात आणि पासवर्ड उघडतात. फक्त नव्या मशीनवरची आवृत्ती जुनी नसावी. क्रोम आणि एजचे तसे नाही. बुकमार्क येतात, हिस्टरी येते, मात्र पासवर्डची किल्ली ‘लोकल स्टेट’मध्ये विंडोजच्या डीपीएपीआयने बांधलेली असते आणि ती त्या मशीनवरच्या त्या युजरच्या लॉगिनशिवाय सुटत नाही. कुकीजचेही तेच, 2024 च्या जुलैत आलेल्या क्रोम 127 पासून त्यांच्यावर आणखी एक कुलूप चढले. एक्स्टेन्शनच्या नोंदींवर मशीनची खूण असते, ती जुळली नाही की क्रोम त्या सेटिंग काढून टाकतो. पासवर्ड चोरणाऱ्या मालवेअरला अडवण्यासाठी हे केले आहे आणि ते योग्यच आहे. पण मग डिस्क केसिंगमध्ये घालून फोल्डर ओढले आणि ‘पूर्ण’ म्हणून रिपोर्ट भरला, तर तो रिपोर्ट खोटा ठरतो.

त्याची किंमत कोण मोजतो, तेही पाहा. चाकणमधल्या एका छोट्या प्रेसपार्ट युनिटमध्ये डिस्पॅचचा एकच संगणक. त्यावर तीन मोठ्या कंपन्यांची व्हेंडर पोर्टल, ई-वे बिल, ई-इन्व्हॉइस आणि बँक. सगळे आयडी-पासवर्ड क्रोमच्या पोटात. वहीत एकही नाही. रविवारी मशीन बदलले, सोमवारी सकाळी आयशर भरून उभा. पोर्टल एएसएन नंबर देईना, कारण लॉगिनच होईना. एएसएन नाही म्हणून गेटवर माल उतरणार नाही. ई-वे बिलाला तर 1 एप्रिल 2025 पासून सगळ्यांनाच ओटीपी लागतो. पासवर्ड नवा करायचा तरी ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर, म्हणजे मालकांच्या, आणि मालक लग्नासाठी सांगलीला. पॉपअपची परवानगीही जुन्या प्रोफाइलमध्येच राहिल्याने चलनाची खिडकी उघडेना, ते वेगळेच. डिस्पॅच बघणाऱ्या ताईंनी ज्या इंजिनीअरला फोन लावला, त्याच्याकडे युजरची सही होती. ट्रक मात्र तिथेच होता.

जुन्या पोर्टलची आणखी एक मेख आहे. इंटरनेट एक्स्प्लोरर 15 जून 2022 ला निवृत्त झाला, पण त्याच्यावरच चालणारी पाने अजून कारखान्यांत जिवंत आहेत. आपण ती एजच्या आयई मोडमध्ये हाताने टाकतो, पान उघडते, ग्राहक खूश होतो. हाताने टाकलेली ती नोंद 30 दिवसांत मुदत संपून गळते. महिन्याभराने पान कोरे दिसते आणि ग्राहक म्हणतो, तुम्ही दिलेले मशीनच खराब आहे. एंटरप्राइझ साइट लिस्ट पॉलिसीतून लावली तर हा प्रश्न उरत नाही. पाच संगणकांच्या युनिटलाही ते जमते. कृपया आजपासून तसेच करा.

आता आपल्या घरातले बोलू. काही सभासदांच्या कामाच्या पद्धती वाचून आम्हाला संताप आला. एक जण ग्राहकाच्या क्रोममध्ये स्वतःचे जीमेल लावून सिंक करतो आणि नव्या मशीनवर उतरवतो. म्हणजे त्या कारखान्याचे बँकेसकट सगळे पासवर्ड याच्या खासगी खात्यात जाऊन बसले! दुसऱ्याच्या पेन ड्राइव्हवर वेगवेगळ्या ग्राहकांच्या पासवर्डच्या सीएसव्ही फाइली आहेत, साध्या मजकुरात, नोटपॅडमध्ये कोणीही वाचाव्यात अशा. तिसरा कुठून तरी पासवर्ड फोडणारे टूल उतरवून अँटिव्हायरस बंद करून ते चालवतो. आणि युजर रजेवर असला की बूटेबल पेन ड्राइव्हने लोकल अकाउंटचा पासवर्ड रीसेट करणारे तर कितीतरी आहेत. जबरदस्तीने रीसेट केला की डीपीएपीआयची जुनी किल्ली उघडत नाही, म्हणजे जे पासवर्ड वाचवायला गेलो, ते आपल्याच हाताने बुडवले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा आहे, त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. नोटीस कंपनीला येईल, पण कंपनी पहिले बोट आपल्याकडे दाखवेल. हे प्रकार आजच्या आज बंद करा. कंपन्यांशी भांडायचे तर आधी आपले हात स्वच्छ हवेत.

आणि भांडायचेच आहे. यापुढे ‘ब्राउझर प्रोफाइल’ ही वर्क ऑर्डरमध्ये स्वतंत्र ओळ असल्याशिवाय काम उचलू नका. त्या ओळीचा दर वेगळा लावा, कारण वेळ तिथेच जातो. पासवर्ड कोणत्या मार्गाने जाणार, हे ग्राहकाच्या आयटी विभागाने लेखी कळवावे: कंपनीच्या खात्यावरचे सिंक, कंपनीचा पासवर्ड मॅनेजर किंवा युजरने स्वतः समोर बसून केलेला एक्स्पोर्ट, ज्याची फाइल त्याच्यासमोरच कायमची पुसली जाईल. कोणताच मार्ग द्यायचा नसेल तर ‘पासवर्ड हस्तांतर कामात समाविष्ट नाही’ असे त्यांनीच लिहून द्यावे आणि युजरला आठवडाभर आधी कळवावे, म्हणजे तो रीसेटच्या तयारीत राहील. डिजिटल सहीच्या डोंगलचा ड्रायव्हर आणि पोर्टलचा सायनर ही कामेसुद्धा याच ओळीत धरा. युजरने नव्या मशीनवरून स्वतः एक एएसएन, एक ई-वे बिल काढून बघितल्यावरच सही घ्या. जुनी डिस्क किमान सात कामाचे दिवस, लेबल लावून, ग्राहकाच्याच कपाटात कुलपात राहिली पाहिजे. भाडेकराराची मशीन असतील तर परतीची तारीख त्या हिशेबाने ठरवणे हे परचेसचे काम आहे. इंजिनीअरला रात्री आठपर्यंत डिस्क पुसत बसवून ते भागणार नाही.

एकट्याने हे मागितले तर कंपनी दुसरा व्हेंडर शोधेल, ही भीती पत्रांतून दिसते आणि ती खरी आहे. दर पाडून, अटी न वाचता सही करणारे आपल्यातच आहेत. म्हणून हे एकट्याने मागायचे नाही. या ओळींचा नमुना आम्ही या अंकाच्या शेवटच्या पानावर मराठीत आणि इंग्रजीत छापला आहे. येत्या महिन्यातल्या प्रत्येक कोटेशनला तो जोडा. ज्या कंपन्या तो मान्य करतील, त्यांची माहिती कळवा. ज्या नाकारतील, त्यांचे नाव आणि युजरचे तपशील झाकून नकाराचे पत्र आमच्याकडे पाठवा. ती पत्रे एकत्र करून आम्ही औद्योगिक वसाहतींतल्या उद्योजकांच्या संघटनांकडे स्वतः घेऊन जाऊ. मात्र पत्रे 20 तारखेच्या आत हातात पडायला हवीत.