म्हातारचळ नव्हे, आजार!

‘साठी बुद्धी नाठी’ असं म्हणून आपण किती सहज मोकळ्या होतो, नाही का? सासूबाई जेवल्याचं विसरून पुन्हा ताट मागतात, मामंजी रोजची शेताची वाट चुकतात. घरात मात्र ‘म्हातारचळ लागलाय’ एवढंच म्हटलं जातं. आमचं कोडोली काय आणि तुमचं गाव काय, सारखंच. ताप आला की दवाखाना, पण विसरायला लागलं म्हणून कोण नेतं?

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत प्रमाण जास्त! म्हणजे प्रश्न आपलाच.

यावर गोळ्या आहेत. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात, तो अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनामार्फत. निरोप पोचला की एक एन्झाइम हे रसायन मोडून टाकतं. अल्झायमरमध्ये मुळात हे रसायनच कमी पडतं. मग मोडणाऱ्यालाच आवर घातला तर? त्या एन्झाइमच्या खाचेत नेमकं बसेल असं डोनेपेझिल हे औषध जपानमध्ये हाचिरो सुगिमोतो यांच्या चमूनं घडवलं. सुगिमोतोंच्या आईलाही स्मृतिभ्रंश झाला होता. १९९६ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली.

पूर्वी पिकावर फवारलं जाणारं मोनोक्रोटोफॉसही हेच एन्झाइम अडवतं. पण ते सहजी सुटत नाही, म्हणून विषबाधा जिवावर बेतते. गोळीची पकड सुटणारी आणि मात्रा मोजकी असते. तरी मळमळ, जुलाब होतात, कुणाची नाडीही मंदावते. म्हणूनच शेजारणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळी आणायची नाही. मात्रा डॉक्टरच ठरवणार.

खरं सांगायचं तर या गोळीनं आजार मुळापासून जात नाही. काहींना ती काही काळ सावरते, एवढंच. मग कशाला खर्च, असं कुणी म्हणेल. पण तेवढे महिने आईनं नातवाला नावानं हाक मारली, स्वतःचं लुगडं स्वतः नेसलं, तर ते थोडं आहे का? शिवाय बी-१२ कमी पडल्यानं किंवा थायरॉइडनंही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत. पण तपासल्याशिवाय कळणार कसं?

तेव्हा मैत्रिणींनो, म्हातारचळ हा शब्द आता सोडूया आणि वेळेत डॉक्टरांकडे जाऊया. आणि हो, गोळीची वेळ एकट्या सुनेनंच का लक्षात ठेवायची? ती लेकानंही ठेवावी!