आधी नाव वाचा, मग बॅग भरा

१९८० साली माझं लग्न झालं. ताटात तांदूळ पसरले आणि आमच्या यजमानांनी अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं. माहेरचं नाव त्या दिवशी संपलं, असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ते होतंच. पुढे रेशनकार्डावर सासरचं नाव चढलं, आधारवरही तेच आलं, आणि बँकेच्या पासबुकात आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक ‘ए’ गळला. ४४ वर्षं यातल्या कशावाचून माझं अडलं नाही. नेरुळहून दादरला जाताना कोणी आपल्या नावातली अक्षरं मोजत नाही.

अडलं ते २०२४ साली. मुलगी दुबईत, तिचं पहिलं बाळंतपण. तिला सातवा लागला तेव्हा डिंक, आळीव, खारीक असं सगळं तुर्भ्याच्या बाजारातून आणून झालं होतं. जावयांनी तिकिटाची चौकशीही केली होती. आणि मग मी पासपोर्टचा अर्ज भरायला बसले. जन्मतारखेचा पुरावा एका नावाचा, पत्त्याचा दुसऱ्या नावाचा. या दोन्ही बाया एकच आहेत, हे सिद्ध करणारा एकही कागद घरात नव्हता, कारण आमच्या लग्नाची नोंदणीच झालेली नव्हती.

ती आम्ही महापालिकेत केली, लग्नानंतर ४४ वर्षांनी. लग्नपत्रिका नणंदेच्या ट्रंकेत सापडली. लग्न लावणारे गुरुजी कधीच गेले होते, म्हणून प्रतिज्ञापत्र करावं लागलं. तीन साक्षीदार जमवले. मग नावबदल राजपत्रात छापून आणला, मग बँकेतलं स्पेलिंग दुरुस्त केलं, मग पासपोर्टचा अर्ज, मग पोलीस पडताळणी. चार महिने गेले. मी दुबईत उतरले तेव्हा नात दोन महिन्यांची झाली होती. बाळंतिणीला पहिले दीड महिने जे हात हवे असतात, ते माझे नव्हते. याचं दुःख मला आजही आहे. शाळेच्या कार्यालयात मी ३१ वर्षं मुलांचे दाखले लिहिले, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात. परक्या मुलांच्या नावातली एक वेलांटी चुकू दिली नाही, आणि स्वतःचे कागद एकदाही शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत.

आमच्या नवी मुंबईत आता परदेशप्रवास घरोघरी आहे. एका मजल्यावर चार बिऱ्हाडं असली तर दोघांची मुलं तरी बाहेर. त्यात २५ डिसेंबर २०२५पासून उलव्याच्या नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली. विमान आता दाराशी आलं, पण आपली तयारीची रीत जुनीच राहिली. तिकीट निघालं की घरातला वजनकाटा बाहेर येतो, लाडवांचे डबे मोजले जातात, आल्यागेल्याला ‘किती किलो नेता येतं?’ हा एकच प्रश्न पडतो. पासपोर्टवर नाव काय आहे, हे कोणी विचारत नाही. हा क्रम उलटा व्हायला हवा.

पासपोर्टवर नाव आणि आडनाव यांचे रकाने वेगळे असतात. आपल्याकडे मधलं नाव बापाचं किंवा नवऱ्याचं, ते नावाच्या रकान्यात जातं. काही जुन्या पासपोर्टांवर आडनावाचा रकाना मोकळाच असतो. नोव्हेंबर २०२२मध्ये अमिरातींनी पासपोर्टवर एकच नाव असणाऱ्यांना पर्यटक व्हिसावर प्रवेश नाकारायला सुरुवात केली, तेव्हा या मोकळ्या रकान्याची किंमत अनेकांना कळली. तिकीट काढताना मुलं आईचं घरातलं नाव टाकतात, तेही चालत नाही. तिकीट, व्हिसा, विमा या तिन्हींवर पासपोर्टवरचंच नाव, अक्षरन् अक्षर तसंच हवं. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी शिल्लक आहे ना, हेही त्याच बैठकीत पाहावं. बऱ्याच देशांची तशी अट असते. अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टात असेल तर जुना आणि नवा दोन्ही पासपोर्ट बरोबर लागतात.

मग सामान. इथेही आधी वाचायचं, मग भरायचं. अनारशांवरची खसखस आपल्याला पवित्र, पण अमिरातींत आणि सिंगापुरात ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. माझ्या गोड्या मसाल्यात खसखस असते. दुबईला नेण्यासाठी मी तो पुन्हा, खसखशीवाचून केला. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमान कंपन्या सामानात घेत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला खाण्याचा प्रत्येक पदार्थ फॉर्मवर लिहून द्यावा लागतो. न्यूझीलंडमध्ये न सांगितलेल्या जिनसांसाठी जागेवर ४०० डॉलर दंड आहे.

औषधांचं तर याहून जपावं. ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामक गोळी किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध दुबईला न्यायचं तर तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नावही लिहून घ्यावं. इन्सुलिन कायम हातातल्या पिशवीत, कारण विमानाच्या पोटातल्या थंडीत ते गोठून वाया जाऊ शकतं.

एवढी अक्षरं कशाला तपासायची, असं वाटत असेल तर आमच्या वाशीचीच गोष्ट आठवावी. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर इथल्या कृषी पणन मंडळाच्या केंद्रात विकिरण होतं. मे २०२५मध्ये इथून गेलेल्या आंब्याच्या किमान १५ खेपा अमेरिकेच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या. आंबा चांगला होता. कारण दिलं गेलं ते कागदपत्रांतल्या चुकीचं. माल परत आणण्याचा खर्च परवडेना, म्हणून निर्यातदारांनी तो तिथेच नष्ट केला. अंदाजे पाच लाख डॉलरचं नुकसान झालं. फळाचं जे होतं, तेच माणसाचं होतं. तुम्ही किती चांगले आहात, किती लांबून आलात, हे खिडकीपलीकडच्या माणसाला दिसत नाही. त्याला कागद दिसतो.

म्हणून माझं तिघांना सांगणं आहे. परदेशातल्या मुलामुलींनो, आईबाबांना तिकीट पाठवण्याआधी त्यांच्या सगळ्या कागदांचे फोटो मागवा आणि एका बैठकीत ताडून पाहा. ज्येष्ठ नागरिक संघांनी आरोग्य तपासणीसारखं वर्षातून एकदा कागद तपासणीचं शिबिर घ्यावं. नावं लिहिण्यात आयुष्य घालवलेले निवृत्त कारकून आणि शिक्षक प्रत्येक सेक्टरमध्ये आहेत, मीही येईन. आणि ज्यांची लग्नं आत्ता होत आहेत त्यांनी त्याच महिन्यात नोंदणी करावी. नाव बदलायचं की नाही, हे मुलीने ठरवावं. पण जे ठरेल ते सगळ्या कागदांवर एकच असावं.

तांदळात लिहिलेलं नाव संध्याकाळपर्यंत पुसलं जातं. पासपोर्टवरचं नाव दहा वर्षं टिकतं. आज रात्री जेवणं झाली की घरातल्या आईचे, आजीचे, सासूबाईंचे कागद टेबलावर काढा, एकाशेजारी एक ठेवा आणि त्यांच्यावरची नावं मोठ्याने वाचा. प्रवास ठरलेला नसला तरी वाचा.