नावात एकक असावे

प्रोग्राममधील चल म्हणजे मूल्य ठेवण्यासाठी राखलेली जागा. तिचे नाव कंपायलरच्या, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाच्या, लेखी निव्वळ ओळखखूण असल्याने त्याचा अर्थ लावण्याचे काम पुढे कोड वाचणाऱ्यावरच येऊन पडते. १९५७ च्या फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेत आय ते एन यांपैकी एखाद्या अक्षराने सुरू होणारे नाव आपोआप पूर्णांकाचे मानले जाई, पण तो अपवाद होता. चार्ल्स सिमोनी यांच्या ‘हंगेरियन’ पद्धतीत नावाआधीची अक्षरे मुळात मूल्याचा हेतू सांगत, कारण ओळीचा आणि स्तंभाचा क्रमांक हे दोन्ही पूर्णांक असले तरी त्यांची बेरीज निरर्थक असते. विंडोजमध्ये याच अक्षरांनी केवळ डेटाचा प्रकार सांगितला जाऊ लागला, आणि ‘डब्ल्यूपॅराम’ या नावातील ‘डब्ल्यू’ १६ बिटांचा निर्देश करीत असताना ते मूल्य आधी ३२ व नंतर ६४ बिटांचे झाले, तरी नाव तसेच राहिले. मुके नाव एकवेळ चालेल. खोटे नाव चालत नाही.

प्रकाराची चूक कंपायलर पुष्कळदा पकडतो, एककाची मात्र त्याला सहसा दिसत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, शेतकरी गुंठ्यांत बोलतो, आणि महसुली कामाच्या प्रणालीत ‘क्षेत्र’ एवढ्याच नावाच्या चलात या दोहोंपैकी काहीही येऊ शकते. आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७, हा फरक इतका लहान आहे की चाचणीत आकडे बरोबरच वाटतात, पण १०० गुंठे १०० आर म्हणून नोंदले गेल्यास सुमारे ११७ चौरस मीटर जमीन कागदावरून नाहीशी होते. १९९९ मध्ये ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान पाउंड-सेकंद आणि न्यूटन-सेकंद यांच्या गोंधळात गमावले गेले, तेथे तफावत जवळजवळ साडेचार पटींची होती. एका टक्क्याची तफावत वर्षानुवर्षे दडून राहू शकते.

दोन ओळींच्या लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, चलाला ‘आय’ हे नाव पुरेसे आहे, आणि तेथे लांबलचक नावांचा हट्ट धरणे ही दुसऱ्या टोकाची वाईट सवय होय. अनेक फाइलींतून फिरणाऱ्या मूल्याला मात्र ‘क्षेत्र_गुंठे’ किंवा ‘क्षेत्र_आर’ असेच नाव हवे. अर्थात ‘क्षेत्र_गुंठे’मध्ये कोणी आर भरल्यास नाव त्याला अडवू शकत नाही, म्हणून माहिती प्रणालीत प्रथम शिरते तेथेच तिचे एकदा चौरस मीटरमध्ये रूपांतर करून पुढे सर्वत्र ‘क्षेत्र_चौमी’ हे एकच नाव वापरणे अधिक सुरक्षित ठरते.