आयत्या वेळी निघायचं तर...

आम्हा आयटीवाल्यांत दोन पंथ आहेत. एक पंथ विकांताचंसुद्धा प्रोजेक्ट प्लॅनिंग करतो. स्प्रेडशीट, ईमेल, "कोण कोण येतंय?" वगैरे. दुसरा म्हणतो, "मूड आला की निघू." रविवारी संध्याकाळी बघावं तर दोघेही घरीच! पहिल्यांचं ठरत नाही आणि दुसऱ्यांचं सामान सापडत नाही.

माझा छंद फ्लाय फिशिंगचा. राहायला डेन्व्हर, त्यामुळे साऊथ प्लॅट नदीवरचं डेकर्स गाडीने साधारण दीड तासावर. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो, यात गांडूळ-बिंडूळ नसतं. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून किड्यासारखी 'माशी' बनवायची. तिला वजन जवळपास नसतंच, म्हणून जड दोरीच्या झोकानं ती पाण्यावर फेकायची. सामान सगळं बारीकसारीक, आणि त्यातलं एक विसरलं की दिवस वाया.

म्हणून माझं ठाम मत आहे की अचानक निघता येणं हा स्वभावाचा भाग कमी आणि सवयीचा जास्त. गाडीच्या डिकीत एक खोकं कायम हवं. नऊ फुटी, चार तुकड्यांची रॉड, रीळ, वेडर्स, बूट, पोलराइज्ड गॉगल, टिपेट, कातर, गळ काढायचा चिमटा, रेनकोट. माश्यांची डबी एकच. पॅराशूट अ‍ॅडम्स, एल्क हेअर कॅडिस, फेझंट टेल, आणि रिम चुंग यांनी १९७० च्या दशकात याच नदीसाठी बनवलेली आरएस-२. बाकीच्या शंभर माश्या घरी सुखात राहू देत. परवान्याचंही तसंच. कोलोरॅडोचा वार्षिक परवाना १ मार्चपासून पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालतो. मार्चमध्येच काढून टाकावा, म्हणजे डोक्याला ताप नाही.

पण खरी गोम पुढेच आहे. तयारी निघताना होत नाही, ती परत आल्यावर होते. कितीही दमलात तरी त्याच रात्री बूट घासायचे, वेडर्स वाळत घालायचे, संपलेलं टिपेट भरून ठेवायचं. हा नुसता टापटिपीचा प्रश्न नाही. न्यूझीलंडची एक चिमुकली गोगलगाय कोलोरॅडोच्या काही नद्यांत शिरलेली आहे आणि तिची एकटी मादी नवी वसाहत उभी करू शकते. चिखलाच्या बुटांवरून ती पुढच्या नदीत पोचवायची नसेल तर आळस चालत नाही.

आणि न जाण्याचीही तयारी हवी बरं का. निघण्याआधी यूएसजीएसच्या संकेतस्थळावर नदीचा प्रवाह बघायला दोन मिनिटं लागतात. मे-जूनमध्ये बर्फ वितळून बऱ्याच नद्या गढूळ होतात. उन्हाळ्यात पाणी २० अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्यातला प्राणवायू घटतो, ट्राउटला धाप लागते, आणि सोडून दिलेला मासाही मरू शकतो. चीझमन कॅनियनमध्ये तर पकडलेला प्रत्येक मासा लगेच सोडावाच लागतो. त्यामुळे खोक्यात थर्मामीटर हवा, आणि आकडा वाईट आला तर मुकाट्यानं गाडी वळवायची. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग गडगडायला लागले तरीही तेच. ग्रॅफाइटची रॉड म्हणजे हातात धरलेली वीजवाहक काठीच की!

"एवढा खटाटोप कशाला?" असं विचाराल. तर बघा, घरात लहान मूल, ऑन-कॉलची पाळी, शनिवारी सकाळी भारतात आई-बाबांना फोन. यातून मोकळा दिवस मिळतो तो आधी कळवून येत नाही. सकाळी नऊला अचानक उगवतो. तेव्हा तुम्ही माळ्यावर बूट शोधत बसलात तर अकरा वाजतात, मग जेवण, मग "आता कुठे जायचं, पुढच्या आठवड्यात बघू." असे पुढचे आठवडे जोडत गेलात की चाळिशी येते.

मासे पकडायला नको असतील तर सोडा. पुण्यात असाल तर ट्रेकची सॅक भरून ठेवा. मुद्दा तोच. तुमचं खोकं भरलेलं आहे का?